अमावस्या, पौर्णिमा आणि भूकंप: विज्ञानाच्या कडेवरची कल्पना स्वतः तपासायची कशी

"अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास धक्के जास्त बसतात" हे मी कऱ्हाडात लहानपणापासून ऐकत आले. कोयना धरण जवळ, जमीन हलण्याची सवय झालेली, त्यामुळे अशी वाक्यं आमच्याकडे सहज बोलली जातात. यावर वाद घालत बसण्यापेक्षा ते तपासून बघावं असं मला वाटलं आणि मी कामाला लागले. मी भूकंपशास्त्र शिकलेले नाही, कुठल्या संशोधन संस्थेत नाही. तरीही हे काम घरच्या लॅपटॉपवर करता येतं आणि नीट करता येतं. वाटेत कुठे अडायला होतं, कुठे पैसे उकळले जातात आणि कुठे आपलंच मन आपल्याला चकवतं, हे आधी माहीत असेल तर नव्या माणसाचा खूप वेळ वाचेल.

तुमची कल्पना वेगळी असेल. पाणाडी नारळ घेऊन विहिरीची जागा दाखवतो ते खरं का, कावळ्याच्या घरट्याच्या उंचीवरून पावसाचा अंदाज येतो का, असं काहीही असेल. मी उदाहरण भूकंपाचं घेतलं आहे, कारण त्यातले खाचखळगे मला माहीत आहेत. पायऱ्या सगळीकडे लागू पडतील.

१. कल्पना एका वाक्यात लिहा. ती कशाने खोटी ठरेल, ते दुसऱ्या वाक्यात लिहा.

"चंद्राचा भूकंपाशी संबंध आहे" हे वाक्य तपासता येत नाही. कसला संबंध, कुठल्या भूकंपांशी, कधी? त्यापेक्षा असं लिहा: "कोयना परिसरातले अमुक तीव्रतेच्या वरचे स्वतंत्र धक्के अमावस्या आणि पौर्णिमा यांच्या क्षणांभोवती, योगायोगाने येतील त्याहून जास्त येतात." आणि त्याखाली: "ठरवलेल्या चाचणीत हे प्रमाण योगायोगाच्या मर्यादेत आलं, तर ही कल्पना मी सोडून देईन."

दुसरं वाक्य लिहिताना हात अडखळतो. मी अनेक हौशी संशोधकांना हे वाक्य लिहायला सांगितलं आहे आणि बरेच जण तिथेच थांबतात. कल्पना इतकी लाडकी झालेली असते की ती चुकीची ठरण्याची वाटच उरलेली नसते. धक्का पौर्णिमेला आला तर पौर्णिमेमुळे, अष्टमीला आला तर "परिणाम उशिरा झाला", असं कुठल्याही निकालाला कवेत घेणारं स्पष्टीकरण असेल तर तपासायला काही शिल्लकच राहत नाही. हे वाक्य लिहून होईपर्यंत पुढच्या पायरीवर जाऊ नका.

आठवणीतल्या उदाहरणांवरही विसंबू नका. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाला. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पौर्णिमा अगदी तोंडावर होती, म्हणून तो दाखला सगळ्यांच्या ओठांवर असतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा मोठा भूकंप झाला, तेव्हा मात्र अमावस्या नव्हती आणि पौर्णिमाही नव्हती. शुक्ल पक्ष अर्ध्याच्या पुढे सरकलेला होता. हा दाखला कुणी देत नाही. जुळलेली उदाहरणं लक्षात राहतात आणि न जुळलेली विरून जातात, म्हणूनच संपूर्ण यादी लागते.

२. आधी कुणी काय केलं आहे ते शोधा

आपली कल्पना जगात पहिल्यांदा आपल्यालाच सुचली, असं जवळजवळ कधीच नसतं. चंद्र-सूर्याच्या आवर्तनांचा भूकंपांशी संबंध आहे का, हे आर्थर शुस्टर या भौतिकशास्त्रज्ञाने १८९७ मध्येच गणिताने तपासलं होतं. त्याची चाचणी आजही वापरतात आणि पुढे आपणही तीच वापरणार आहोत. २०१६ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की भरती-ओहोटीचा ताण जास्त असतो त्या काळात फार मोठे भूकंप होण्याची शक्यता थोडी वाढलेली दिसते. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सुझन हफ यांनी आठ आणि त्यावरच्या तीव्रतेचे भूकंप वर्षाच्या किंवा चांद्रमासाच्या ठरावीक दिवशी जास्त होतात का, हे तपासलं. त्या निबंधाचा सारांश एका शब्दाचा आहे: "नाही."

दोन्ही निबंध वाचून विरोधाभास वाटेल. तो नाही. पहिल्यात त्या त्या ठिकाणी प्रस्तरभंगावर, म्हणजे ज्या भेगेवरून खडक सरकतात तिच्यावर, पडणारा ताण मोजला आहे, दुसऱ्यात फक्त तिथी-तारीख पाहिली आहे. प्रश्न कसा विचारला यावर उत्तर किती अवलंबून असतं, हे एवढं वाचलं तरी समजतं.

आकड्यांचा अंदाजही इथेच घ्या. भरती-ओहोटीमुळे खडकांवर पडणारा ताण काही किलोपास्कल इतकाच असतो. भूकंपात मोकळा होणारा ताण साधारण मेगापास्कलच्या घरात, म्हणजे शेकडो पटींनी मोठा. कोयना धरणाची उंची १०३ मीटर आहे आणि शंभर मीटर पाण्याचा तळावरचा दाब साधारण एक मेगापास्कल भरतो. मग चंद्राचा प्रभाव असलाच तर तो "तयार होऊन बसलेल्या" प्रस्तरभंगाला शेवटचा धक्का देण्यापुरता असू शकतो, आणि कोयना धरणाच्या शिवाजीसागर जलाशयाची पातळी हा त्याहून कितीतरी मोठा घटक ठरतो. धरणात पाणी साठवायला १९६२ च्या सुमारास सुरुवात झाल्यानंतरच तिथे धक्के वाढले आणि जलाशयामुळे भूकंप घडू शकतात याचं कोयना हे जगभर अभ्यासलं जाणारं उदाहरण झालं. ही कल्पनाही एकेकाळी अनेकांना पटणारी नव्हती. ती टिकली, कारण तिच्यामागे वर्षानुवर्षांच्या नोंदी उभ्या राहिल्या.

निबंध मिळवायचे कसे? गूगल स्कॉलरवर शीर्षक टाका आणि "सर्व आवृत्त्या" पाहा, बऱ्याचदा फुकट प्रत तिथेच असते. ब्राउझरला अनपेवॉल हे निबंधाची मोफत प्रत शोधून देणारं साधन जोडून घ्या. इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकांतले लेख त्यांच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. तरीही नाही मिळालं तर लेखकाला दोन ओळींचा ईमेल करा, बहुतेक जण आनंदाने प्रत पाठवतात. संशोधन नियतकालिकं वाचायला देणारी केंद्र सरकारची "वन नेशन वन सबस्क्रिप्शन" योजना २०२५ पासून सुरू आहे, पण ती सरकारी शिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी आहे. तुमच्या जवळच्या सरकारी महाविद्यालयात ओळखीचे प्राध्यापक असतील तर त्यांच्या ग्रंथालयात बसून वाचता येईल का, ते जरूर विचारा.

३. लागणारी साधनं आणि नोंदी

• भूकंपांची यादी, म्हणजे कॅटलॉग. भारतासाठी नॅशनल सेंटर फॉर सीस्मॉलॉजी, जगासाठी अमेरिकेच्या यूएसजीएसचा मोफत कॅटलॉग. यूएसजीएसमध्ये कोयनेचे छोटे धक्के जवळजवळ नसतात.
• लॅपटॉप, स्प्रेडशीट आणि जमलं तर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा. चंद्राची स्थिती काढायला पायथनमधलं स्कायफील्ड हे मोफत साधन पुरेसं आहे.
• एक बांधीव वही. तारीख घालून रोज काय केलं ते पेनाने लिहायचं, पानं फाडायची नाहीत.
• मूळ कॅटलॉगची हात न लावलेली प्रत, वेगळ्या फोल्डरमध्ये, कधी उतरवून घेतली त्या तारखेसह. कॅटलॉग नंतर सुधारले जातात, म्हणून ही प्रत लागतेच.
• ऑर्किड क्रमांक. सोळा अंकी, मोफत, पाच मिनिटांत मिळतो. संस्था नसलेल्या माणसाची संशोधनातली ओळख म्हणजे हाच.

वेळेच्या बाबतीत पहिल्याच दिवशी सावध व्हा. परदेशी कॅटलॉग जागतिक वेळ देतात. भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. १९६७ चा कोयना भूकंप आपल्याकडे ११ डिसेंबरच्या पहाटे झाला, पण जागतिक वेळेप्रमाणे ती १० डिसेंबरची रात्र होती. दोन कॅटलॉग एकत्र करताना हे विसरलं की एकच धक्का दोनदा मोजला जातो.

तिथीचं प्रकरण आणखी नाजूक आहे. तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या कोनाचे बारा-बारा अंशांचे तुकडे. चांद्रमास २९.५३ दिवसांचा, म्हणून सरासरी तिथी २३ तास ३७ मिनिटांची. पण प्रत्यक्षात ती लहान-मोठी होते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दिवसापुढे छापलेली तिथी ही सूर्योदयाची असते. पहाटे दोनला बसलेल्या धक्क्यापुढे छापील तिथी लिहिली तर ती चुकीची असू शकते. त्यामुळे पंचांगातून तिथ्या उतरवून काढू नका. प्रत्येक धक्क्याच्या नेमक्या क्षणी चंद्र-सूर्यातला कोन काढा, ० ते ३६० अंशांत.

४. स्वतःची फसगत होण्याच्या जागा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

आफ्टरशॉक. मोठ्या धक्क्यामागून दिवसेंदिवस छोटे धक्के येत राहतात. समजा, एक मोठा धक्का योगायोगाने पौर्णिमेला बसला. त्याच्यामागचे पन्नास छोटे धक्केही पौर्णिमेच्या आसपासच पडणार. आलेखात मोठा उंचवटा दिसेल आणि तो चंद्राने केलेला नसेल. म्हणून आधी कॅटलॉगमधून असे अवलंबून असलेले धक्के वेगळे काढावे लागतात. त्यासाठी गार्डनर आणि नॉपॉफ यांची १९७४ ची सोपी रीत आहे: धक्का जितका मोठा, तितक्या मोठ्या अंतरात आणि दिवसांत आलेले नंतरचे धक्के गाळायचे. कुठली रीत वापरणार ते आधीच ठरवा. तीन-चार रीती चालवून बघून हवा तो आकडा देणारी निवडली, तर सगळं काम वाया गेलं.

न नोंदले गेलेले धक्के. दिवसा वाहनं, यंत्रं, माणसांची वर्दळ यांमुळे जमिनीत सतत थरथर असते. रात्री ती कमी होते आणि बारीक धक्केही पकडले जातात. त्यामुळे कच्च्या यादीत रात्री भूकंप जास्त होतात असं दिसतं. शिवाय नवी भूकंपमापक केंद्रं बसवली की नोंदी एकदम वाढतात. यावर उपाय म्हणजे एका ठरावीक तीव्रतेच्या खालचे धक्के सोडून देणं. ती मर्यादा कशी ओळखायची? तीव्रता एक अंकाने कमी झाली की धक्क्यांची संख्या साधारण दहापट होते. संख्येच्या अक्षावर १, १०, १०० अशा दहापटीच्या खुणा ठेवल्या तर आलेखावर सरळ रेषा येते. ती खालच्या बाजूला जिथे वाकते, तिथून खाली यादी अपुरी आहे. यादी लहान होते म्हणून मन कचरतं. तरीही कापा.

खूप वेळा विचारणं. तीस तिथ्या घेतल्या आणि प्रत्येकीसाठी "इथे धक्के जास्त आहेत का?" असं विचारलं, पाच टक्क्यांची नेहमीची मर्यादा लावून (म्हणजे योगायोगाने तसं दिसण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी असेल तरच "हो"), तर चंद्राचा काडीचा संबंध नसतानाही निदान एक तरी तिथी "सापडण्याची" शक्यता जवळपास ८० टक्के आहे. मग कुणीतरी उत्साहाने जाहीर करतो की कृष्ण षष्ठी धोक्याची. एकच प्रश्न, एकच चाचणी. बाकी जे दिसेल ते "पुढे तपासायचं" या मथळ्याखाली वहीत.

आता शुस्टरची चाचणी. प्रत्येक धक्क्यासाठी एक पाऊल टाकायचं, सगळी पावलं सारख्या लांबीची, दिशा मात्र त्या क्षणीच्या कोनाची. अमावस्या आणि पौर्णिमा दोन्ही एकत्र तपासायच्या असल्याने कोन दुप्पट करायचा, म्हणजे दोघींची दिशा एकच होते. सगळी पावलं टाकून झाल्यावर सुरुवातीपासून किती दूर आलो ते मोजायचं. धक्के कसेही विखुरलेले असतील तर चारशे पावलांनंतर साधारण वीस पावलांच्या अंतरावर असाल. अंतराचा वर्ग भागिले धक्क्यांची संख्या, असा आकडा काढा. तो एक आला तर इतकं अंतर नुसत्या योगायोगाने मिळण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के. चार आला, म्हणजे चाळीस पावलं दूर गेलात, तर सुमारे २ टक्के. स्प्रेडशीटमध्ये हे सगळं चार रकान्यांत मावतं. दूर गेलात तर कुठल्या दिशेला गेलात तेही पाहा, कारण सप्तमी-अष्टमीकडे गेलेली पावलं तुमच्या कल्पनेच्या बाजूची नसतात.

उत्तर माहीत असताना बघणं. १९०३ मध्ये फ्रान्सच्या नान्सी शहरात ब्लोंदलो या नावाजलेल्या भौतिकशास्त्रज्ञाने "एन-किरण" सापडल्याचं जाहीर केलं आणि कित्येकांना ते दिसूही लागले. पुढच्या वर्षी अमेरिकेचा रॉबर्ट वुड त्यांच्या प्रयोगशाळेत गेला आणि अंधारात उपकरणातला लोलक, म्हणजे किरण वळवणारा त्रिकोणी तुकडा, गुपचूप काढून घेतला. निरीक्षणं तशीच चालू राहिली. ती माणसं लबाड नव्हती. त्यांना काय दिसायला हवं ते माहीत होतं, एवढंच.

यावर घरी करता येण्यासारखा उपाय आहे. मित्राला सांगा की खऱ्या यादीतल्या सगळ्या वेळा मनमानी दिवसांनी पुढे-मागे सरकवून एकोणीस खोट्या याद्या तयार कर, खरी त्यात मिसळ आणि नावं न देता वीस आलेख मला दे. त्यांतून तुम्हाला अमावस्या-पौर्णिमेला सर्वांत स्पष्ट उंचवटा असलेला आलेख निवडायचा आहे. खरा आलेख हाती येण्याची योगायोगाची शक्यता वीसात एक. हा प्रयोग करून बघाच. खोट्या याद्यांमध्येही किती देखणे उंचवटे असतात ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की आलेखाकडे बघण्याची नजर कायमची बदलते.

महाराष्ट्रात अशा "आंधळ्या" चाचणीचा उत्तम नमुना आहे. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या, ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस दिल्या आणि कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं सरासरी प्रमाण ४६ टक्के आलं, नाणं उडवून मिळेल त्याहून चांगलं नाही. २००९ मध्ये हा निबंध करंट सायन्समध्ये आला. त्याची मांडणी मिळवून वाचा. निकालापेक्षाही, चाचणी कशी बांधली आणि आधी काय काय ठरवून घेतलं, ते शिकण्यासारखं आहे. पाणाडीची चाचणी करायची असेल तर हाच साचा वापरता येईल. फक्त तिथे लक्षात ठेवा की आपल्या बसाल्ट खडकात बऱ्याच ठिकाणी थोडंफार पाणी लागतंच. पाणाड्याने दाखवलेल्या जागेची तुलना चिठ्ठी टाकून निवडलेल्या जागेशी करावी लागते.

५. आराखडा आधी नोंदवा, मगच निकाल बघा

कॅटलॉगचे दोन भाग करा. जुनी वर्षं शोधण्यासाठी, नवी वर्षं तपासण्यासाठी. पहिल्या भागात हवं तितकं खेळा. मग कुठला प्रदेश, किती तीव्रता, आफ्टरशॉक गाळायची कुठली रीत, कुठली चाचणी, कुठला आकडा आला तर "हो" आणि कुठला आला तर "नाही", हे सगळं एका पानावर लिहून ओएसएफ या मोफत संकेतस्थळावर नोंदवा. तिथे तारखेचा शिक्का बसतो आणि नोंद बदलता येत नाही. हवं तर काही काळ ती इतरांपासून झाकूनही ठेवता येते. कल्पना चोरीला जाईल अशी भीती वाटणाऱ्यांसाठीही तारखेचा पुरावा म्हणून हा मार्ग चांगला.

यानंतरच दुसरा भाग उघडा.

ज्याच्यामागे संस्था नाही, पदवी नाही, त्याच्याकडे लोकांनी विश्वास ठेवावा असं काय असतं? आधी नोंदवलेला आराखडा असतो. मला हे काम करताना सगळ्यात मोठा आधार याचाच वाटला.

६. विरोध करणारा माणूस शोधा

कौतुक करणारे घरातच असतात. तुम्हाला हवा आहे तो चुका काढणारा. संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक हे यासाठी उत्तम. भूकंपतज्ज्ञाला लिहायचं असेल तर ईमेल दहा ओळींचा ठेवा: तुम्ही कोण, प्रश्न काय, आराखड्याचा दुवा, एक आलेख आणि उत्तर देता येईल असा एकच प्रश्न. उदाहरणार्थ, "या परिसरासाठी तीव्रतेची ही मर्यादा योग्य वाटते का?" तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा, मग थांबा.

ईमेलमध्ये "मी प्रस्थापित विज्ञान खोटं ठरवलं आहे" असं वाक्य कधीही नको. गॅलिलिओ आणि वेगेनर यांची नावंही नकोत. आल्फ्रेड वेगेनर हवामानशास्त्रज्ञ होता, त्याने १९१२ मध्ये खंड सरकतात असं मांडलं आणि ते सर्वमान्य व्हायला १९६० चं दशक उजाडलं हे खरं. पण त्याचं नाव टिकलं ते दोन्ही किनाऱ्यांवरचे जीवाश्म, खडकांचे थर आणि जुन्या हिमनद्यांच्या खुणा त्याने जुळवून दाखवल्या म्हणून. नुसता नाकारला गेल्याने कुणी बरोबर ठरत नाही.

आपल्या मातीतलं उदाहरण हवं तर देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचं घ्या. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहा, सात वेळांच्या आत ६१७४ येते. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५, मग ८७३० वजा ०३७८, मग ८५३२ वजा २३५८, आली. अनेक व्यावसायिक गणितज्ञांनी त्यांच्या कामाकडे दुर्लक्ष केलं, पण ते कुणालाही पेन्सिल घेऊन पडताळता येत होतं. १९७५ मध्ये गणितावर सोप्या भाषेत लिहिणारे मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमध्ये त्यांच्याविषयी लिहिलं आणि ते जगभर पोचले. तुमचं कामही असं ठेवा: कॅटलॉग, सूत्रं, प्रत्येक पायरी उघडी, म्हणजे अनोळखी माणसालाही ते करून पाहता येईल.

७. निबंध लिहा आणि योग्य ठिकाणी ठेवा

निकाल "नाही" आला तरी लिहा. किंबहुना तेव्हा जास्त आवर्जून लिहा, कारण पुढच्या माणसाचे कष्ट वाचतात.

दावा पुराव्याच्या पुढे जाऊ देऊ नका. हे शिकायचं तर नारळीकरांच्याच दुसऱ्या कामाकडे पाहा. वातावरणाच्या वरच्या थरांत सूक्ष्मजीव आहेत का, पृथ्वीबाहेरून जीवन आलं असेल का, या अगदी कडेवरच्या प्रश्नासाठी इस्रोच्या मदतीने हैदराबादहून फुगा सोडून २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा गोळा केली गेली. नमुने हैदराबादच्या सीसीएमबी आणि पुण्याच्या एनसीसीएस अशा दोन प्रयोगशाळांत स्वतंत्रपणे तपासले. २००५ च्या उड्डाणातून जिवाणूंच्या तीन नव्या प्रजाती मिळाल्या. एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचं, एकीला इस्रोचं, एकीला आर्यभटाचं नाव दिलं. आणि तरीही त्यांनी लिहिलं की हे जीव पृथ्वीबाहेरून आले असं यातून सिद्ध होत नाही.

निबंध ठेवायचा क्रम मी असा सुचवेन. आधी नोंदी आणि सूत्रं झेनोडोवर. ही सेवा सर्न चालवतं, ती मोफत आहे आणि डीओआय क्रमांक, म्हणजे त्या नोंदीचा कायमचा पत्ता, मिळतो. मग निबंध अर्थआर्काइव्ह या संकेतस्थळावर प्रीप्रिंट म्हणून, म्हणजे नियतकालिकाच्या छाननीआधीची खुली प्रत म्हणून. भौतिकशास्त्राच्या आर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावर ठेवायचा तर नव्या लेखकाला आधीच्या एखाद्या लेखकाचं अनुमोदन लागतं, आणि ते अनोळखी माणसांकडे मागत फिरू नका. तुमचं काम वाचलेल्या व्यक्तीने आपणहून दिलं तरच घ्या. त्यानंतर नियतकालिक. भूकंपशास्त्रासाठी २०२२ मध्ये सुरू झालेलं सेइस्मिका लेखकाकडून किंवा वाचकाकडून पैसे घेत नाही. भारतात करंट सायन्स आणि जर्नल ऑफ अर्थ सिस्टम सायन्स आहेत. संस्थेच्या रकान्यात "स्वतंत्र संशोधक, कऱ्हाड" असं लिहिलं तर कुणी हरकत घेत नाही.

८. पैसे आणि कायदा

प्रीप्रिंट ठेवला की "आदरणीय डॉक्टर" अशी सुरुवात असलेले ईमेल येऊ लागतील. सात दिवसांत छापतो, अमुक हजार रुपये भरा. मानद डॉक्टरेट देतो, आंतरराष्ट्रीय पुरस्कार देतो, नोंदणी शुल्क भरा. यातल्या एकालाही उत्तर देऊ नका. एकदा अशा ठिकाणी छापलं की तोच निबंध चांगल्या नियतकालिकाला देता येत नाही.

पेटंट हा शोध खरा असल्याचा दाखला नव्हे. भारतीय पेटंट कायदा १९७० च्या कलम ३ नुसार, प्रस्थापित निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध दावा करणाऱ्या गोष्टीला पेटंट मिळत नाही. फुकट ऊर्जा देणारी यंत्रं तिथेच अडतात. तुमच्याकडे खरोखर उपकरण असेल तर मात्र जाहीर करण्याआधी तात्पुरता अर्ज करा. त्यानंतर पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात.

माणसांवर औषध किंवा उपचार तपासायची कल्पना असेल तर एकट्याने एक पाऊलही टाकू नका. नैतिकता समितीची मान्यता आणि क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंद, हे दोन्ही हवंच. वन्यजीव किंवा अभयारण्याचा संबंध आला तर वन विभागाची लेखी परवानगी आधी.

आणि भूकंपाच्या बाबतीत हे फार कळकळीने सांगते. तुमच्या आलेखात काहीही दिसलं तरी "येत्या पौर्णिमेला कोयनेत भूकंप" असा निरोप व्हॉट्सअपवर टाकू नका. तिथे भिंतींना तडे गेलेल्या घरांत म्हातारी माणसं राहतात, थंडीत लेकरं घेऊन लोक रात्रभर अंगणात बसतात. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ५४ नुसार खोटा इशारा देऊन घबराट पसरवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. गंभीर वाटावं असं काही हाती लागलंच, तर आराखडा आणि नोंदींसकट ते नॅशनल सेंटर फॉर सीस्मॉलॉजीला लेखी पाठवा.

सुरुवात करण्याआधी हे हाताशी आहे ना, ते बघा

• दोन वाक्यांचं पान: कल्पना, आणि ती कशाने खोटी ठरेल
• निदान दहा जुन्या निबंधांची टिपणं, त्यांतले काही तुमच्या विरुद्ध निकालाचे
• मूळ कॅटलॉगची न बदललेली प्रत, उतरवल्याच्या तारखेसह
• सगळ्या वेळा एकाच पद्धतीत, शक्यतो जागतिक वेळेत
• बांधीव वही
• ऑर्किड क्रमांक, ओएसएफ आणि झेनोडोची खाती
• आलेख मिसळून देणारा एक मित्र, आणि चुका काढणारा एक जाणकार

यातलं पहिलं पान आज रात्री लिहिता येईल. कॅटलॉग उतरवायला उद्याची सकाळ पुरेल.